वही, बारकोड की आरएफआयडी: दारूगोळ्याचा हिशेब कशावर ठेवाल?

ऑगस्ट 2022 मध्ये खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून 5.56 मिलिमीटर काडतुसांचे तीन ट्रक पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराकडे निघाले. आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरूनच वाचता येणारी खूणचिठ्ठी) लावून भारतीय लष्कराकडे गेलेला हा पहिला माल. मग आपल्या शस्त्रागारातही तेच बसवावं का? ठरवण्याआधी एवढंच बघा की तुमच्याकडे पेटीचं सील तुटतं की पेट्या बंदच्या बंद पुढे जातात.

वहीला जुनाट म्हणून हसू नका. तिला वीज लागत नाही, खाडाखोड लपत नाही आणि सहीखाली माणूस सापडतो. तिचा दोष दिसतो तो मोजणीच्या दिवशी. एक जण बॅटरी मारून पेटीवर रंगवलेला लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाच्या खेपेचा क्रमांक, वाचतो, दुसरा लिहितो, आणि रंग उडालेल्या 8 चा 3 होतो. पेट्यांची बेरीज जुळते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पुढे त्या लॉटचा वापर थांबवण्याचा आदेश आला की भलत्याच पेट्या बाजूला काढल्या जातात आणि सदोष माल जागेवरच राहतो. लॉटवर नजर का हवी, हे पुलगावला वेगळं सांगावं लागत नाही. 31 मे 2016 च्या तिथल्या आगीत 19 जण गेले, आणि बोट दाखवलं गेलं ते सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे.

बारकोडने ही वाचण्या-लिहिण्यातली चूक जाते, तीही कमी खर्चात. पण लेबल डोळ्यांसमोर यावं लागतं; थप्पीत मागे गेलेली पेटी पुढे ओढल्याशिवाय स्कॅन होत नाही. आणखी एक मेख आहे. लेबलात नुसता लॉट असेल तर एकच पेटी दहादा स्कॅन करून दहा पेट्या ‘मोजता’ येतात. म्हणून प्रत्येक पेटीला स्वतःचा क्रमांक हवाच.

आरएफआयडीला पेटी समोर यावी लागत नाही. फाटकावर रीडर (टॅग वाचणारं यंत्र) असेल तर ट्रकमधला माल उतरवता-चढवताच नोंदला जातो. मात्र पेटी लोखंडी असेल तर साधा टॅग नीट चालत नाही, धातूवर चालणारा वेगळा घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. शिवाय रॉकेट, डिटोनेटर अशा विजेवर पेटणाऱ्या मालाजवळ रीडरच्या लहरी किती ताकदीच्या आणि किती अंतरावरून चालतील, याची लेखी परवानगी आधी घ्या. यात विक्रेत्याचा शब्द धरू नका. खडकीचे टॅग जीएस-1 या जागतिक मानकाशी जुळणारे आहेत आणि आयुध विभागाच्या संगणक प्रणालीत वाचले जातात. तुमचे टॅग वरच्या भांडाराला वाचता आले नाहीत, तर तोच माल पुन्हा हाताने नोंदवत बसावं लागेल.

आता खरी गोम. टॅग पेटीवर असतो, काडतुसावर नाही. सरावाच्या दिवशी पेटी उघडली, त्यातली चाळीस काडतुसं कमी झाली, तरी रीडर ‘पेटी हजर’ असंच सांगणार. तिथे हिशेब चालतो तो दिलेली, झाडलेली, न उडालेली आणि परत आलेली काडतुसं, आणि गोळा केलेल्या पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी), या पाच आकड्यांवर. पावसाळ्यात गवतात दोन पुंगळ्या हरवतातच. त्या ‘सापडल्या नाहीत’ म्हणून लिहिणारा हवालदार मला आवडतो. डब्यात साठवलेल्या जुन्या पुंगळ्यांनी तूट भरणारा नाही. हे काम कुठलंच यंत्र करत नाही.

म्हणून काहीशे पेट्यांच्या शस्त्रागाराला बारकोड आणि दोन सह्यांची वही पुरते; तिथे आरएफआयडी म्हणजे उगाच खर्च. रोज ट्रक लागत असतील आणि पेट्या सीलबंदच पुढे जात असतील, तर आरएफआयडीचे पैसे वसूल होतात. मागवण्याआधी विक्रेत्याला तुमच्याच रिकाम्या लोखंडी पेट्यांची थप्पी लावून द्या, आणि सर्वांत आतल्या पेटीचा टॅग वाचून दाखवायला सांगा.