सपरीतली न्याहारीची जागा: बांबूच्या बाकाचा वर्षभराचा अनुभव

आमचे घर चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात आहे. घराची सपरी, म्हणजे पडवी, पूर्वाभिमुख असून तिच्या एका अंगाला स्वयंपाकघराचे दार उघडते. त्या दारापासून सपरीच्या टोकापर्यंतची साडेसात फूट लांब व साडेपाच फूट रुंद जागा वर्षानुवर्षे सायकल, धानाची रिकामी पोती आणि फवारणीचा पंप यांनी अडवलेली होती. मागील डिसेंबरात आम्ही ती मोकळी केली आणि तालुक्याच्या गावातील एका बांबू कार्यशाळेकडून तेथे बसवण्यासाठी एक बाक, टेबलाचा सांगाडा, दोन स्टुले आणि चिकाचा, म्हणजे बांबूच्या बारीक काड्यांचा, पडदा करवून घेतला. हिवाळा, उन्हाळा व पावसाळा असे तिन्ही ऋतू आता त्या वस्तूंवरून गेले आहेत, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कार्यशाळेचे नाव मुद्दाम देत नाही. तिच्याकडून झालेल्या दोन चुकांविषयी पुढे लिहावे लागणार आहे आणि त्या दोन्ही चुका पुढे त्यांनीच निस्तरल्या आहेत.

ही जागा करण्याचे कारण सासूबाईंचे गुडघे. आमच्याकडे सकाळची न्याहारी स्वयंपाकघरात पाटावर बसून होत असे, आणि त्या डिसेंबराआधीच्या पावसाळ्यापासून त्या "मले आता खाली बसनं होत नाई, तुमी खा" असे म्हणून ताटली घेऊन आपल्या खाटेकडे जाऊ लागल्या. घरातील सर्वांत वडील माणूस एकटे खाते आणि बाकीचे चुलीजवळ एकत्र बसतात, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. बाजारातील चार खुर्च्यांचे जेवणाचे टेबल आणण्याचा विचार प्रथम झाला. परंतु खुर्ची मागे सरकवून उठायलाच दीड-दोन फूट जागा लागते, ती आमच्याकडे नव्हती. भिंतीला लागून असलेला बाक मागे सरकवावा लागत नाही, म्हणून अरुंद जागेत तोच योग्य ठरतो.

बांबू निवडण्यामागे खर्चाचा विचार होता, तसेच तो आपल्या जिल्ह्याचा आहे हेही मनात होते. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात प्रामुख्याने मानवेल उगवतो. त्याची कांडी जाड भिंतीची आणि पुष्कळदा जवळजवळ भरीव असतात, म्हणून लाठीला, मांडवाला आणि फर्निचरच्या सांगाड्याला तो फार चांगला. कटांग त्याहून जाड व पोकळ असतो आणि त्याच्या रुंद पट्ट्या निघतात. आमच्या बाकाच्या बसण्याच्या पट्ट्या व पुढचे जाड पाय कटांगाचे असून आडवे-उभे जोड मानवेलाचे आहेत. २०१७ साली भारतीय वन कायद्यात बदल होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले आहे. या कार्यशाळेतील दोघांनी चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात काम शिकलेले आहे, आणि त्यांच्या जोडकामात ते शिक्षण दिसते. भोक पाडून त्यात बांबूचीच खुंटी ठोकायची आणि वरून दोरीने आवळायचे, अशी त्यांची पद्धत असून खिळा जवळजवळ कोठेही नाही. बांबूत सरळ खिळा ठोकला की तो उभा चिरतो, हे ठाऊक असूनही पुष्कळ ठिकाणी घाईने खिळेच मारलेले आढळतात. वर्षभरात आमच्या बाकाचा एकही सांधा हललेला नाही, आणि त्यावर तीन मोठी माणसे रोज बसतात.

आता पहिली चूक, जिच्यात आमचाही अर्धा वाटा आहे. बसण्याची उंची साधारण १७ ते १८ इंच, टेबलाची २९ ते ३० इंच आणि दोहोंमध्ये ११ ते १२ इंचांचे अंतर, हे माप सर्वसाधारण माणसाला सोयीचे असते. कार्यशाळेने बाक बरोबर १८ इंचांचा केला. आम्ही त्यावर कापसाची गादी घालणार आहोत हे आम्ही सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. दोन इंचांची गादी पडताच सासूबाईंचे पाय जमिनीपासून सुटले. पाय लोंबकळत राहिले की मांडीच्या खालच्या बाजूवर दाब येतो आणि दुखऱ्या गुडघ्याला आराम मिळण्याऐवजी त्रास होतो. बाकाचे पाय दोन इंच कापून टाका, असे मी सहज म्हणाले. त्यावर वयाने मोठ्या कारागिराने पाय उलटा करून दाखवला आणि म्हणाले, "ताई, खाली गाठ आहे. ते कापली तर पोकळ भाग जमिनीवर येते, मग पाय फाटते." बांबूच्या पायाचे टोक नेहमी गाठीवर यावे लागते, कारण गाठीत आडवा पडदा असतो आणि तोच वजन तोलतो. त्यांनी दुसरे चार पाय निवडून, खालची गाठ बरोबर टोकाशी येईल असे कापून, पंधरा दिवसांनी बाक परत दिला, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ज्यांना असा बाक करवून घ्यायचा असेल त्यांनी मापे देताना गादीची जाडी आधी सांगावी, आणि घरातील ज्या व्यक्तीसाठी तो आहे तिला कार्यशाळेत नेऊन पाटावर किंवा विटांवर बसवून उंची ठरवावी.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. मार्चच्या अखेरीस एका स्टुलाखाली पिठासारखी बारीक पिवळसर भुकटी पडू लागली. बांबूला घुण लागला होता. बांबूच्या गाभ्यात पिष्ट असते आणि घुणाची अळी त्यावरच जगते, म्हणून बांबू पावसाळा संपल्यावर, पिष्ट कमी असताना तोडावा आणि निदान तीन वर्षांचा असावा, असा नियम आहे. त्यानंतर बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात तो काही दिवस बुडवून ठेवतात. चौकशी केली तेव्हा समजले की बाक व टेबलाचा बांबू बुडवलेला होता. स्टुलांसाठी मात्र बांबू कमी पडला म्हणून ऐनवेळी दुसरीकडून आणलेला कोवळा माल वापरला गेला. हे त्यांनी न लपवता सांगितले आणि दोन्ही स्टुले बदलून दिली, तरी खरेदी करणाऱ्याने स्वतःच विचारायला हवे होते असे आता वाटते. बांबू कोणत्या महिन्यात तोडला, किती दिवस बुडवला आणि सर्व वस्तूंसाठी एकाच तोडीचा आहे काय, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. बोरॅक्सची ही प्रक्रिया पाण्याने धुपून जाते, म्हणून पावसाची झड जेथे थेट येते तेथे असे फर्निचर ठेवू नये. आमची सपरी उघडी असल्यामुळे पुढचे दोन पाय आम्ही सपाट दगडांवर टेकवले आहेत आणि जूनच्या आरंभी त्यांवर वॉर्निशचा हात दिला होता. त्यामुळे ओल चढली नाही आणि उधईही लागली नाही.

टेबलाचा वरचा भाग प्रथम बांबूच्या पट्ट्यांचाच होणार होता. नमुना पाहिल्यावर मी तो नाकारला. दिसायला तो सुंदर होता, पण पट्ट्यांच्या फटींत पोह्यांचे दाणे, सांबाराची (कोथिंबिरीची) पाने आणि साखर जाऊन बसणार, आणि त्यांच्यामागे मुंग्या येणार, हे उघड दिसत होते. आमच्या सांदवाडीतील (परसातील) जुना गोठा पाडला तेव्हाचे सागवानी दार वापराविना पडून होते. सुताराने त्याच्या फळ्या रंधून, एकमेकींना चिकटवून ४८ इंच लांब व २४ इंच रुंद असा पृष्ठभाग केला. जुन्या खिळ्यांची भोके लाकडाच्या भुशात गोंद कालवून भरली असली तरी त्यांचे काळे ठिपके अजून दिसतात आणि ते मला आवडतात. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि चहाचा कप सांडला तरी ताबडतोब डाग धरत नाही. ज्यांच्या घरी अशी पडलेली दारे, चौकटी किंवा वासे असतील त्यांनी ते जळणात घालण्यापूर्वी एकदा सुताराला दाखवावेत.

या जागेचे खरे सौंदर्य उजेडात आहे आणि त्यावर मी सर्वांत अधिक विचार केला. चंद्रपूर साधारण २० अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेकडे सरकून उगवतो व पावणेसातच्या सुमारास आमच्या बाकावर तिरपे, कोवळे ऊन येते. त्या उन्हात पाठ शेकत गरम उकडपेंडी खाणे हे सासूबाईंचे दिवसातील सर्वांत आवडते काम झाले आहे. मे महिन्यात हाच सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून, साडेपाचच्या सुमारास वर येतो आणि सात वाजेपर्यंत जागा तापवू लागतो. आमच्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, त्यामुळे उन्हाळ्याचा विचार न करता केलेली कोणतीही पूर्वेकडची बैठक चार महिने निरुपयोगी ठरते. कार्यशाळेने दिलेला चिक येथे फार उपयोगी पडला. तो खालून गुंडाळत वर जातो, म्हणून हिवाळ्यात पूर्ण वर बांधता येतो आणि उन्हाळ्यात सहा वाजताच खाली सोडता येतो. काड्यांमधून वारा येतो, ऊन मात्र बारीक रेघांच्या रूपाने गळते. मे महिन्यात सकाळी त्यावर पाणी मारले की अर्धा तास तरी गारवा टिकतो. पावसाळ्यात मात्र चिकाच्या खालच्या भागावर बुरशी आली. झड सुरू झाली की तो काढून घरात टांगायला हवा, ही गोष्ट कार्यशाळेने सांगितली नव्हती.

सजावट म्हणून आम्ही फारसे काही केलेले नाही. भिंतीला चुन्यात रामरज घालून फिकट पिवळा रंग दिला आणि खाली गेरूचा पट्टा ओढला. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की कपड्यांवर पांढरी भुकटी येते, म्हणून बाकामागे बुरडाकडून विणून घेतलेला तट्टा ठोकला आहे. त्याची तिरपी वीण हीच त्या भिंतीची शोभा आहे. सेवाग्रामला बापू कुटीत मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठावात केलेली झाडे व चरखा पाहिल्यापासून आपल्याही भिंतीवर असे काही असावे असे मनात होते. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आल्यानंतरच्या काळातील ती साधी माती, बांबू व कवेलूंची वास्तू पाहताना लक्षात येते की रिकामी जागाही घराला शोभा देते. म्हणून तट्ट्याच्या वर माझ्या मुलीने मातीत धानाची एकच लोंबी उठावाने काढली आणि बाकी भिंत मोकळी ठेवली.

दिव्यासाठी बुरडाचीच एक छोटी टोपली उलटी टांगून तिच्यात ७ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब लावला आहे. हा बल्ब फारसा तापत नाही, म्हणून टोपलीला धोका नाही; जुना तारेचा बल्ब असता तर मी हे केले नसते. दिवा टेबलापासून अडीच फूट उंचीवर आहे, त्यापेक्षा खाली आणल्यास समोरच्याचा चेहरा झाकला जातो. गादी वरोऱ्याकडच्या रुईची असून तिला जाड खादीची खोळ आहे, जी दर आठवड्याला धुता येते. फोमची उशी घेऊ नये असेच मी सुचवीन, कारण आमच्या उन्हाळ्यात तिच्यावर दहा मिनिटे बसणेही घामाचे होते.

बाक, सांगाडा, दोन स्टुले आणि चिक यांचे मिळून १४,५०० रुपये दिले. सुताराची मजुरी १,८०० रुपये वेगळी. कबूल केलेल्या तारखेपेक्षा काम एकोणीस दिवस उशिरा मिळाले, कारण धानाच्या कापणीला कारागीर स्वतःच्या शेतात गेले होते. त्याबद्दल मला तक्रार नाही, परंतु लग्नकार्यासाठी कोणी मागणी देणार असेल तर त्याने दोन महिन्यांचा अवधी हातात ठेवावा. पाठीचा कल मला अजून थोडा हवा होता. तो जवळजवळ सरळ आहे, न्याहारीपुरता चालतो; मात्र दुपारी वाचत बसायचे तर बंगईच (झोपाळाच) बरी वाटते.

सासूबाई आता रोज भिंतीकडच्या कोपऱ्यात बसतात, आणि त्यांच्या शेजारी बसण्यासाठी दोन्ही नातवंडांत रोज भांडण होते. म्हणून आणखी एका स्टुलाची मागणी नोंदवली आहे, उंची १६ इंच, मुलांच्या मापाची. कार्यशाळेने दिवाळीनंतरच्या तोडीचा बांबू वापरण्याचे कबूल केले असून, तो टाकीत बुडवताना मी स्वतः पाहायला जाणार आहे.