बाहुली, रबरबँड आणि स्कॅटर प्लॉट: दोन सत्रं वापरल्यानंतरचा अनुभव

जूनपासून आठवीला आणि दिवाळीनंतर सातवीलाही हा प्रोजेक्ट घेतला, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाहुलीच्या पायाला रबरबँडची साखळी बांधायची, भिंतीला मेजपट्टी चिकटवायची, बाहुली उलटी सोडायची आणि डोकं जास्तीत जास्त किती खाली गेलं ते मोजायचं. २ रबर, ३, ४ असं करत १० पर्यंत. आडव्या अक्षावर रबर, उभ्यावर सेंटीमीटर. अमेरिकेत बार्बी बंजी नावाने शिक्षकांमध्ये हे बरंच जुनं आहे, तिथे स्कॅटर प्लॉट (दोन मापांच्या जोड्या ठिपक्यांनी दाखवणारा आलेख) आठवीच्या कॉमन कोअरमध्येच, म्हणजे तिथल्या बऱ्याच राज्यांच्या सामाईक अभ्यासक्रमातच आहे. आपल्या बालभारतीच्या आठवीत विभाजित आणि शतमान स्तंभालेखावर गाडी थांबते, त्यामुळे तास कुठून काढायचे ते तुमचं तुम्ही बघा, मी कार्यानुभवाचे उचलले.

खरी मजा शेवटच्या दिवशी. पहिल्या मजल्याची गॅलरी, खाली जमीन ३६० सेंटीमीटरवर, आणि मोजलंय फक्त १० रबरांपर्यंत. आता ग्राफ पुढे वाढवून सांगा किती रबर लावायचे, बाहुली जमिनीच्या जितकी जवळ जाईल तितकं चांगलं पण डोकं आपटलं की गट बाद. हा दिवस वगळला तर अख्खा प्रोजेक्ट म्हणजे नुसती ठिपके काढायची कवायत होते, हे मी ठामपणे सांगेन.

ठिपके एका रेषेत येत नाहीत हेच यातलं सोनं आहे. पोरांना सवय असते की उत्तर बरोबर असलं की सरळ रेष येते, इथे सगळं थोडं वर थोडं खाली, मग "सर कुठले ठिपके जोडायचे?" कुठलेच नाही! खराट्याची काडी ठेवायला सांगितली, ठिपक्यांच्या मधून जाईल अशी सरकवायची. एक गट काडीवरून अक्षरशः भांडला, कारण ७ रबरांचा ठिपका पार वर उडाला होता आणि एकजण म्हणे खोडून टाकू. मोबाईलवर स्लो मोशन लावून बघितलं तर त्या वेळी डोक्याऐवजी हाताचं टोक वाचलं होतं. मग तेवढं मोजमाप परत घेतलं, खोडलं नाही. आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून पडलेला ठिपका, यावर मी वेगळा तास घेतलाच नाही, गरजच पडली नाही.

आमच्याकडे दर रबरामागे साधारण १६-१७ सेंटीमीटर येत होते, म्हणजे रेषेचा चढ. आणि काडी उभ्या अक्षाला ३० च्या आसपास टेकते, तर रबर शून्य असताना ३० कसे? सातवीतल्या एका मुलीने उत्तर दिलं, "सर, ती बाहुलीचीच उंची." बास, अजून काय पाहिजे.

आता तक्रारी. रबर एकाच पाकिटातले घ्या, आणि दोन-तीन दिवस ताणले की ते सैल पडतात, त्यामुळे गॅलरीच्या दिवशी नवीन साखळी केली तर आकडे जुळत नाहीत आणि जुनीच वापरली तर ती आणखी खाली जाते. शहाणे गट एक रबर कमीच लावतात. वर्गात आवाज प्रचंड. आणि ज्यांनी २ ते ५ एवढीच मोजमापं घेतली त्यांचा अंदाज हमखास गंडतो, काडी जरा तिरकी झाली की २० रबरांवर केवढा फरक!

मुलांची उंची आणि हाताची लांबी घेऊन करतात तो प्रकारही करून पाहिला, नाही आवडला. एकाच वर्गात उंच्या जवळजवळच असतात, ठिपक्यांचा नुसता पुंजका होतो आणि बुटक्या पोरांना चिडवणं सुरू होतं. वजन तर चुकूनही घेऊ नका.

ग्राफ पेपर आधी, कॉम्प्युटर नंतर. गूगल शीट्समध्ये ट्रेंडलाइन (आपल्या काडीचीच रेषा) आणि समीकरण एका क्लिकवर येतं, मग पोरं ठिपक्यांकडे बघणंच बंद करतात. त्यावर उतारा म्हणून संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्बचे १९७३ मधले आकड्यांचे चार संच टाकायला दिले, प्रत्येकात ११ ठिपके, चौघांची रेषा जवळपास तीच, चित्रं मात्र चार तऱ्हेची, एक तर चक्क वक्र. आठवीला हे झेपलं, सातवीला नाही.

सहावीला विचारत असाल तर नुसतं मोजणं आणि ठिपके काढणं करा, काडी पुढच्या वर्षी.