ब्रनोच्या खोलीपायी ५४४ युरोंचा चुना

अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲप आलं नव्हतं. लॉटरी लागली नव्हती, केवायसीवाला फोनही नव्हता. बुकिंगच्या अधिकृत ॲपमध्ये, चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या गेस्टहाऊसशी आमचं आधीचं बोलणं जिथे दिसत होतं त्याच चॅटमध्ये लिंक आली आणि त्या लिंकवर आमचे ५४४ युरो गेले. हे सगळ्यात आधी सांगतेय, कारण ज्याला सांगावं तो हेच विचारतो, ‘अगं, एवढी आयटीत आहेस आणि अनोळखी लिंक उघडलीस?’ अनोळखी नव्हती हो!

बेत चांगला होता, आजही कुणी विचारलं तर तसाच करा म्हणेन. बुडापेस्ट ते प्राग थेट रेल्वेने जवळजवळ सात तास लागतात. तेवढा वेळ बसून काढण्यापेक्षा मधे स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला आणि ब्रनोला उतरायचं, प्रागपेक्षा स्वस्तात राहायचं आणि दोन शहरं पदरात पाडून घ्यायची. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत, डोक्यावर घराचा हप्ता आहे, त्यामुळे खोली निवडताना नवरा एक्सेल शीट घेऊन बसला होता. ब्रनोची खोली दोन रात्रींना ३,४८० कोरुना (चेक चलन), म्हणजे साधारण १४० युरो. पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे, आधी रद्द केलं तर फुकट.

अशा खोल्या आपण का घेतो ते युरोपचा शेंगेन व्हिसा काढलेल्यांना सांगायला नको. माणशी ९० युरो फी, नाकारला तर ती बुडाली, आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद जोडायचा. मग सगळेच महिनोन् महिने आधी ‘पैसे नंतर’वाल्या खोल्या अडवून ठेवतात. चोरांना हेच गिऱ्हाईक हवं असतं. पैसे भरलेले नसतात, कार्डाचा नंबर नुसता हमी म्हणून दिलेला असतो, त्यामुळे ‘कार्डाची पडताळणी राहिली आहे’ म्हटलं की चटकन पटतं.

ब्रातिस्लाव्हात संध्याकाळी हलुश्कीची (तिथल्या बटाट्याच्या गोळ्यांची) एक प्लेट दोघांत घेऊन बसलो होतो, तेव्हा मेसेज आला. दोघांची नावं बरोबर, तारखा बरोबर, बुकिंग क्रमांक बरोबर, ३,४८० हा आकडासुद्धा बरोबर. सहा तासांत पडताळणी केली नाही तर बुकिंग आपोआप रद्द होईल, म्हणे. नवरा म्हणाला, ‘टाकून टाक, उद्या बॅगा ओढत खोली शोधायला नको.’ (आता तो म्हणतो, मी असं म्हणालोच नव्हतो.) लिंक उघडली तर रंग, अक्षरं, खोलीचा फोटो, सगळं ॲपसारखंच. पान ॲपच्या आतच उघडलं, त्यामुळे वर पत्ता नीट दिसेचना. खाली लिहिलं होतं, ‘रक्कम फक्त रोखली जाईल आणि लगेच परत मिळेल.’ हॉटेलं अशी रक्कम रोखतात, हे आम्हाला बुडापेस्टमध्येच कळलं होतं.

आणि मग तो ओटीपी. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत सहा आकडे आपोआप उगवले, बोट लागलं, काम झालं. फोन बनवणाऱ्यांनी ही सोय केली आहे ना, तिच्यामुळे हल्ली ओटीपीचा मेसेज कुणी वाचतच नाही. मी वाचला तो सगळं घडून गेल्यावर. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ईयूआर (म्हणजे युरो) ३१८.००. चेक प्रजासत्ताकात युरो चालत नाही, कोरुना चालतो. खोली १४० युरोंची आणि मेसेज ३१८ चा! एका ओळीत दोन गोष्टी ओरडून सांगत होत्या आणि ती ओळ माझ्याच फोनमध्ये पडून होती. पण खिशात उरलेले हंगेरीचे फोरिंट, हातात युरो, उद्या कोरुना. त्या दिवसांत कुठलाही आकडा आम्हाला खरा वाटत नव्हता. ओटीपीचं ऑटोफिल आजच बंद करा. पुढचं नंतर वाचा.

पान म्हणालं, हे कार्ड चाललं नाही, दुसरं टाका. मी फॉरेक्स कार्ड टाकलं, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं. त्यावर ओटीपी आलाच नाही. परदेशी साइट्सवर पुष्कळदा येत नाही, म्हणून तेही खटकलं नाही. पण चाक नुसतं फिरत राहिलं, तेव्हा कुठे पोटात गोळा आला.

लगेच बँकेला फोन लावला, रोमिंगवर. क्रेडिट कार्ड ब्लॉक झालं. फॉरेक्स कार्डही करा म्हटलं, तर ‘मॅडम, ते डिपार्टमेंट वेगळं आहे.’ बँक तीच, ग्राहक मीच, कार्डावर नाव माझंच, पण डिपार्टमेंट वेगळं. दुसरा नंबर, पुन्हा ‘मराठीसाठी तीन दाबा’, पुन्हा गाणं. त्या गाण्यात फॉरेक्स कार्डावरचे २२६ युरो गेले. फोन कानाला आणि डोळ्यांसमोर वजावटीचा मेसेज. क्रेडिट कार्डाचे ३१८ युरो रुपयांत झाले २९,२५६. त्यावर साडेतीन टक्के परकीय चलनाचा अधिभार, त्या अधिभारावर जीएसटी, एकूण ३०,४६४ रुपये २७ पैसे. चोरीवरसुद्धा कर!

दुसऱ्या दिवशी ब्रनोत गेस्टहाऊसच्या काउंटरवर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवलेला होता, चेक आणि इंग्रजीत: आम्ही मेसेजवरून कधीही कार्डाची माहिती मागत नाही. म्हणजे यांना माहीत होतं. त्यांचं लॉगिन चोरीला गेलं होतं, इतर पाहुण्यांनाही तसे मेसेज गेले होते, आणि सावधगिरीचा इशारा लावला कुठे, तर जिथे पोचेपर्यंत माणूस लुटून झालेला असतो तिथे. बाईंनी मान हलवली, फार वाईट झालं म्हणाल्या आणि ३,४८० कोरुना मोजून घेतले, वर शहराचा कर. बुकिंग कंपनीचं उत्तर त्याहून गुळगुळीत: आमची यंत्रणा सुरक्षित आहे, घुसखोरी हॉटेलच्या खात्यात झाली. चॅट तुमच्याच ॲपमधली ना?

पोलिसांकडे गेलो, कारण बँकेच्या फॉर्मला पोलीस तक्रार लागत होती. तिथला माणूस सभ्य होता, इंग्रजी बेताचं. ताटकळत बसलो असताना बाहेर बाराचे ठोके पडले, घड्याळात मात्र अकरा. ब्रनोच्या कॅथेड्रलची घंटा अकराला बारा वाजवते, १६४५ च्या स्वीडिश वेढ्याची आख्यायिका आहे त्यामागे. एरवी कौतुकाने व्हिडिओ काढला असता. हाती एक चेक भाषेतला कागद आला. बँक म्हणाली, इंग्रजी भाषांतर जोडा. तेही खर्चानिशी केलं.

परदेशातून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन काही लागेना. सायबर पोर्टलवर तक्रार भरली. पुण्यात परतल्यावर चौकीत गेले, तर ‘गुन्हा युरोपात झालाय ना, मग तिथेच तक्रार करा.’ तिथे केली आहे, हा कागद. ‘हे कुठल्या भाषेत आहे?’ दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये लिहिलंय, असं मी म्हटल्यावर साहेब म्हणाले, ‘तुम्ही वकील का?’ शेवटी अर्जावर शिक्का मारून दिला. एफआयआर नाही. तुम्ही गेलात तर कलमाचा प्रिंटआउट घेऊन जा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

प्रागच्या जागेचा मेसेज आला तेव्हा आम्ही भीतीने तो उघडलाच नाही. तो खरा निघाला, दाराचा कोड त्यातच होता, आणि रात्री आम्ही बॅगांवर बसून मालकाला फोन लावत होतो. म्हणून सांगते: मेसेज खरा की खोटा यावर डोकं चालवू नका. हॉटेलचा नंबर त्यांच्या स्वतःच्या साइटवरून शोधून फोन करा. दोन मिनिटांच्या रोमिंगचे पैसे गेले तर जाऊ द्या. कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा ॲपमध्ये खाली आणून ठेवा, लागेल तेव्हा वाढवा. फॉरेक्स कार्ड ब्लॉक करायचा नंबर निघण्याआधीच वेगळा लिहून घ्या. बँकेचा एकच नंबर पुरतो या समजात राहू नका.

क्रेडिट कार्डाच्या पैशांबद्दल बँकेचं उत्तर आलं: ओटीपी तुम्हीच टाकलात, सबब व्यवहार मंजूर. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाने गुप्त माहिती दिली तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, हे आहेच. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, हेही त्यातच आहे, आणि ते वाक्य बँकेच्या उत्तरात नाही. २२६ युरो माझ्या फोननंतर गेलेत. कॉलची वेळ माझ्या फोनमध्ये आहे, वजावटीच्या मेसेजची वेळही आहे. दोन्हींचे स्क्रीनशॉट लावून तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकली आहे. ३०,४६४ रुपयांवर कदाचित पाणी सोडावं लागेल. २२६ युरो मी सोडणार नाही.