कडीपाटाच्या जमिनीवरचे टर्नटेबल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचे घर पुण्यातील एका जुन्या पेठेत, वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. जमीन कडीपाटाची, म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर कड्या, वर पाट, मग माती आणि शहाबादी फरशी. पाहुणा दारातून आत आला की शोकेसमधील कपबश्या किणकिणतात. अशा घरात टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवण्याचे यंत्र, आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी, मी चहाचा कप घेऊन कपाटाजवळून गेलो तेव्हा सुई खाच सोडून पुढे उडाली.

प्रथम मी तोच उपाय केला जो बहुतेक जण करतात. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा, ४५ बाय ४० सेंटिमीटर, ३ सेंटिमीटर जाडीचा आणि वजनाला साडेचौदा किलोच्या आसपास, कपाटावर ठेवला आणि त्याखाली वॉशिंग मशीनच्या पायांखाली घालतात तसले चार रबरी ठोकळे दिले. परिणाम तपासण्याची माझी रीत साधी आहे. मोटर बंद ठेवून स्थिर तबकडीवर सुई टेकवायची, आवाज बेताचाच ठेवायचा आणि कपाटावर बोटाच्या पेराने टिचकी मारायची. पूर्वी स्पीकरमधून स्पष्ट ‘ठक’ ऐकू येत असे. कडप्प्यानंतर तो जेमतेम जाणवू लागला. पावलांनी सुई उडणे मात्र तसूभरही कमी झाले नाही.

याचे कारण समजायला मला महिना लागला. वजनाखाली रबर जितके दबते त्यावर त्या बैठकीची स्वतःची आंदोलनसंख्या, म्हणजे ती आपणहून सेकंदाला किती वेळा डोलते ते, ठरते. १ मिलिमीटर दबले तर ती सेकंदाला सुमारे १६, आणि ४–५ पर्यंत खाली आणायची तर १० ते १५ मिलिमीटर दबावे लागते. त्या आकड्याच्या साधारण १.४ पटीहून जलद कंपने तेवढी अडतात. त्याहून संथ कंपने जशीच्या तशी, किंवा काही वेळा वाढून, वर पोहोचतात. माझे ठोकळे मिलिमीटरभरही दबले नव्हते. पाऊल पडल्यावर हेलकावणारी लाकडी जमीन यापेक्षा बरीच संथ असते, आणि आर्म (सुई धरणारा दांडा) व काट्रिज (सुई बसवलेली डबी) यांची जोडीही सेकंदाला साधारण ८ ते १२ च्या दरम्यान स्वतःच डोलू पाहते, त्यामुळे धक्का नेमका नाजूक जागी बसत होता.

मग मऊपणा वाढवला. लहान मुलांच्या सायकलची ट्यूब अर्धवट हवा भरून कडप्प्याखाली ठेवली. टिचकी पूर्ण नाहीशी झाली, पण कोणी चालले की सगळे बिऱ्हाड होडीसारखे डुलू लागे आणि स्पीकरचे पडदे काही न वाजताही पुढेमागे हलत. शिवाय हवा उतरत असे, म्हणून दर रविवारी पाणसळ लावून पातळी पाहणे हा नवाच उद्योग मागे लागला. स्प्रिंगवर तरंगणाऱ्या टर्नटेबलांची प्रथा एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या १९६१ च्या यंत्राने रूढ केली. एका मित्राचे तशा जातीचे यंत्र आठवडाभर आणून पाहिले, तर माझ्या जमिनीवर तेही डुलले. त्याच्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये ते उत्तम चालते.

शेवटी जमीनच सोडली आणि बाहेरच्या जाड भिंतीचा आधार घेतला. येथेही एक चूक झाली. वेल्डरकडून करून आणलेले लोखंडी अँगलचे त्रिकोणी ब्रॅकेट अँकर फास्टनरने (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) बसवायला गेलो, तर मातीत बांधलेल्या विटेत फास्टनर नुसता फिरत राहिला आणि मूठभर गिलावा खाली आला. गवंड्याने दाराच्या चौकटीला बसवतात तसे होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्या, ब्रॅकेटला जोडून घ्यायला लावले, भिंतीत खाचा घेऊन ते सिमेंट-काँक्रीटमध्ये गाडले आणि आठवडाभर पाणी मारायला सांगितले. त्यावर तोच कडप्पा आणि तेच रबरी ठोकळे ठेवले. जे ठोकळे कपाटावर कुचकामी वाटत होते, ते येथे उपयोगी पडले, कारण पावलांचा हेलकावा आता वर येतच नव्हता आणि उरलेली बारीक कंपने अडवणे हे त्यांच्या आवाक्यातले काम होते. नातू शेजारी उड्या मारत असताना विलंबित ख्यालाची अख्खी बाजू सुई न उडता वाजली, तेव्हा मी ट्यूब त्याच्या सायकलला परत दिली.

गैरसोयी आहेत. कप्पा छातीइतका उंच असल्याने तबकडी उभ्यानेच बदलावी लागते. स्पीकर त्याच भिंतीला टेकलेले असताना मोठ्या आवाजात घुमारा येत असे, म्हणून ते हातभर पुढे ओढले. पातळ आडभिंत असलेल्या घरात हा उपाय मी सुचवणार नाही. बहिणीच्या स्लॅबच्या घरात कडप्पा आणि रबर एवढेच पुरले.

पावसाळ्यात मात्र एक नवी तक्रार उद्भवली. त्याच भिंतीतले गॅलरीचे दार फुगले, ते ढकलून लावावे लागे, आणि तो दणका थेट सुईपर्यंत जाई. सुताराकडून दाराच्या कडेला रंधा मारून घेतला आणि चौकटीला फेल्टची पट्टी लावली.