हित्रा बेटावरची केबिन: मार्च ते डिसेंबर वापरून झाल्यावर

नॉर्वेच्या किनाऱ्यावर केबिन घ्यायची असेल तर आधी वारा बघा, मग धक्का, मग पाणी, मग संडास आणि सगळ्यात शेवटी खिडकीतून दिसणारा समुद्र. जाहिरातीत पहिला फोटो खिडकीचाच असतो आणि बाकीच्या चार गोष्टींबद्दल एखादी ओळ असली तर असते. आम्ही ट्रॉन्डहाइमला राहतो. या मार्चमध्ये हित्रा बेटावरची एक लहान केबिन आणखी एका मराठी कुटुंबाबरोबर निम्म्या भाड्यात, वर्षाच्या कराराने घेतली. बर्फ वितळण्यापासून ते आताच्या काळोख्या दिवसांपर्यंत तिथे राहून झालंय. आठवडाभरासाठी जाणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

ट्रॉन्डहाइमहून गाडीने साधारण दोन तास लागतात. ओर्कांगेरनंतर ७१४ क्रमांकाचा रस्ता लागतो आणि त्यावर समोरून एकामागोमाग एक मोठे ट्रक येतात, कारण हित्रा आणि पलीकडच्या फ्रॉया बेटावरचा सॅमन याच वाटेने बाहेर पडतो. तरंगत्या पिंजऱ्यात सॅमन वाढवायचा धंदा नॉर्वेत जमला तो इथेच. १९७० साली ऊवे आणि सीवर्त ग्रॉन्टवेट या भावांनी हित्राच्या लाक्सोविका खाडीत पिलं सोडली, आणि त्यावर पुढे अख्ख्या किनाऱ्याचं अर्थकारण उभं राहिलं. केबिनपर्यंत जाताना अशा पिंजऱ्यांची गोल कडी पाण्यावर दिसतात. बेटावर शिरायचं ते समुद्राखालच्या बोगद्यातून. १९९४ साली तो उघडला तेव्हा या प्रकारचा जगातला सगळ्यात खोल बोगदा होता: लांबी साडेपाच किलोमीटरच्या वर आणि सर्वात खालचा भाग समुद्रपातळीच्या २६४ मीटर खाली. उतार चांगलाच तीव्र आहे. मागे सामान आणि माणसं भरलेली असतील तर उतरताना खालच्या गिअरवर चालवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. मुलांचे कान बंद होतात, त्यांना चघळायला काहीतरी द्या.

आता वारा. इथे वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा सांगतात आणि ‘यर’ या हवामानाच्या ॲपमध्ये तो तासागणिक दिसतो. आमचा हिशेब असा बसलाय: चारपर्यंत असेल तर होडी घेऊन निवांत बाहेर पडा, सातआठ असेल तर खाडीतच फिरा, त्याच्यावर गेला तर होडी बांधलेली बरी. तापमानाकडे आम्ही आता फारसं बघतही नाही. जुलैत अठरा अंश आणि वारा दहा, अशा दिवशी ओट्यावर बसवत नाही. ऑक्टोबरात आठ अंश आणि वारा शून्य, अशा दिवशी दुपारचं जेवण बाहेर होतं. आमच्या केबिनच्या नैर्ऋत्येला एक खडकाळ टेकाड आहे. त्याच्यामुळे खिडकीतून अर्धाच समुद्र दिसतो आणि पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा नवरा त्यावरून नाराज होता. नोव्हेंबरच्या वादळात समोरच्या टोकावरच्या, तिन्ही बाजूंनी काचा असलेल्या केबिनच्या ओट्याचा कठडा उखडून खाली आला. आमच्याकडे दारासमोरची चटईसुद्धा जागेवर होती. त्या दिवसापासून टेकाडाबद्दल घरात कुणी काही बोलत नाही.

या किनाऱ्यावर वाऱ्याला कमी लेखू नये, हे मी मनापासून सांगते. फ्रॉयाच्या पश्चिम टोकाला तीत्रान नावाचं गाव आहे. १३ आणि १४ ऑक्टोबर १८९९ च्या रात्री तिथून हेरिंगच्या मासेमारीला गेलेल्या उघड्या होड्या वादळात सापडल्या आणि १४० माणसं गेली. आमच्या शेजारचे आजोबा आयुष्यभर मासेमारी केलेले. ते आजही सकाळी दारात उभं राहून आधी आकाश बघतात, मग फोन बघतात आणि दोन्हींचं एकमत झालं तरच होडी सोडतात.

होडी भाड्यातच मिळाली, इंजिन लहान आहे. आठ मीटरपेक्षा लांब होडी किंवा २५ अश्वशक्तीपेक्षा मोठं इंजिन असेल तर १९८० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवाना लागतो, म्हणून पाहुण्यांना देतात त्या होड्या बहुतेक या मर्यादेच्या आतल्याच असतात. लहान होडी चालू असताना उघड्यावर बसलेल्या सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं, हा कायदा आहे. केबिनमध्ये टांगलेली जॅकेटं मोठ्यांच्या मापाची होती, मुलांची आम्ही आमची विकत घेतली. तुम्ही जाणार असाल तर हे फोनवर आधीच विचारून घ्या.

धक्क्याचं महत्त्व किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी मालवणची, उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. इथेही उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. धक्का पक्का बांधलेला असेल तर ओहोटीला होडी खूप खाली जाते आणि लोखंडी शिडीवरून, शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय ठेवत उतरावं लागतं. जुलैत आई आली होती, तिला ते शक्यच नव्हतं. सुदैवाने आमच्याकडे तरंगता धक्का आहे, पाण्याबरोबर तोही वरखाली होतो. घरात वयस्कर माणसं असतील तर तरंगत्या धक्क्याशिवाय केबिन घेऊ नका.

पाण्यात मात्र आम्ही फसलो. ‘बारमाही पाणी’ असं जाहिरातीत लिहिलं होतं. प्रत्यक्षात जमिनीवरून टाकलेला उन्हाळी पाइप निघाला. थंडी पडायच्या आत तो रिकामा करून ठेवावा लागतो, नाहीतर आतलं पाणी गोठून पाइप फुटतो. म्हणजे ऑक्टोबर संपतासंपता नळ बंद, आणि पुढे शहरातून कॅन भरून न्यायचे. विहिरीचं जे पाणी उन्हाळ्यात येतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, कारण आजूबाजूला सगळी दलदलीची जमीन आहे आणि तिथला कुजलेला पाला पाण्यात उतरतो. भांडी आणि अंघोळीला चालतं, पांढरे कपडे त्यात धुवू नका. पिण्यासाठी आम्ही ते कधीच वापरलं नाही. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, सगळ्यांकडे असंच असतं. ते खरंही आहे, पण मग जाहिरातीत तसं लिहावं.

संडास विजेवर चालणारा, मैला जाळून राख करणारा आहे. प्रत्येक वेळी भांड्यात कागदी पिशवी घालायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं. आतला पंखा बराच वेळ घरघरत राहतो. वास जवळजवळ नाही, राखेचा डबा अधूनमधून रिकामा केला की झालं. स्वच्छतेच्या बाबतीत मला तो आवडला. पण चारपाच माणसं असतील तर सकाळी रांग लागते. आणि वादळात वीज गेली की तो बंद, पाण्याचा पंपही बंद. नोव्हेंबरात वीज गेली ती रात्र बादलीवर निभावली. गॅसवर चालणाराही प्रकार मिळतो. निवड हातात असेल तर तोच घ्या.

ऊब मात्र उत्तम. एक जुनी ओतीव लोखंडाची शेगडी आहे आणि बर्चची सुकी लाकडं. आपल्याकडे चुलीत खाली काटक्या, वर लाकूड अशी रीत. इथे उलटं करतात. जाड ओंडके तळाला, त्यावर बारीक ढलप्या आणि जाळ अगदी वरून लावायचा. हवेची झडप पूर्ण उघडी ठेवायची आणि ओंडक्यांनी नीट पेट घेतला की हळूहळू कमी करायची. धूर फार कमी होतो, काचही काळी पडत नाही. अर्ध्या तासात खोली राहण्याजोगी होते.

आता ज्याच्यासाठी पुढच्या वर्षीही जाणार आहोत ते: मासे आणि कुर्ल्या. समुद्रात गळ टाकायला कुणालाच परवाना लागत नाही, फक्त मापं पाळायची. या भागात कॉड ४४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडायचा. जुलै-ऑगस्टमध्ये बांगड्याचा इथला भाऊबंद येतो, आणि येतो तेव्हा एकाच दोरीच्या तीनचार गळांना एकदम लागतो. आईने येताना तिरफळं आणि कोकमं आणली होती. तिने धक्क्यावरच मासे साफ केले आणि संध्याकाळी तिखलं (तिरफळं घातलेलं झणझणीत कालवण) केलं. हा मासा उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या बांगड्यापेक्षा बराच चरबट असतो. कढईकडे बघत ती म्हणाली, ‘‘ह्येका तेल किती सुटता गो!’’ आणि दुसऱ्या दिवशी घातलेलं तेल निम्म्यावर आणलं. मी सांगते, या माशाला तिखलंच करा, तळू नका.

कुर्ल्यांसाठी पिंजरे लावायचे. हे फक्त नॉर्वेत राहणाऱ्यांनाच करता येतं, पर्यटकांना हातातल्या गळावरच भागवावं लागतं. पिंजऱ्याच्या बोयावर नाव-पत्ता लिहायचा. पिंजऱ्याला लहान खेकडे निसटायला गोल भोक हवं, आणि एक सुती दोरा असा बांधायचा की पिंजरा समुद्रात हरवलाच तर तो दोरा कुजून वाट मोकळी होईल. पिंजरा तळाशी पडून वर्षानुवर्षं मासे मारत राहू नये म्हणून केलेला हा नियम मला फार शहाणपणाचा वाटला. आपल्या किनाऱ्यावरही असा दोरा बांधायला काय हरकत आहे?

आजोबांनी जागा दाखवल्या: खडकाळ तळ, बाजूला समुद्री शेवाळ्याचं रान, फार खोल नाही. आमिष ताजं हवं, सैथ माशाची डोकी चालतात. संध्याकाळी टाकायचे, सकाळी ओढायचे. ओल्या दोरीने थंडीत बोटं सुन्न होतात, रबरी हातमोजे घ्याच. पिंजरा वर आला की लाकडी पट्टीने कवचाची रुंदी मोजायची. १३ सेंटिमीटरच्या आतली परत पाण्यात. मग उलटी करून पोटाखालची घडी बघायची, रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. पकडताना मागून, कवचाच्या दोन्ही कडांना धरायचं. या खेकड्याच्या नांग्या आपल्या चिंबोरीपेक्षा कितीतरी जाड असतात आणि बोट सापडलं तर गंमत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते गच्च भरलेले असतात. इथले लोक समुद्राच्याच पाण्यात उकडून पाव, लिंबू आणि मेयोनीजबरोबर खातात. आम्ही भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात रस्सा केला, आजोबांना डबा नेऊन दिला, आणि पुढच्या वेळी त्यांनी स्वतःहून रिकामा डबा आणून ठेवला. एक सावधगिरी: कवचातला तपकिरी गर मुलांना देऊ नका. त्यात कॅडमियम साठतं, आणि इथल्या अन्नसुरक्षा खात्याचाही तसाच सल्ला आहे. नांग्यांचं पांढरं मांस बिनधास्त द्या.

मुलांना खरा आनंद वेगळाच मिळाला. कपडे वाळत घालायच्या चिमट्यात ठेचलेलं शिणाणं (खडकावरचा काळा शिंपला) अडकवायचं, चिमट्याला दोरी बांधून धक्क्यावरून सोडायची आणि किनाऱ्याचे छोटे खेकडे बादलीत जमवायचे. रात्री सगळे परत पाण्यात. जूनमध्ये सूर्य साडेअकरानंतर मावळतो, त्यामुळे ‘रात्र’ कधी झाली यावर रोज वाद. झोपायच्या खोलीला जाड पडदे आहेत का, हेही विचारून ठेवा.

बारीकसारीक त्रास: हित्रावर तांबडी हरणं भरपूर आहेत, तिन्हीसांजेला ती रस्त्यावर येतात, गाडी हळू चालवा. उंच गवतातून चालून आलं की गोचिडी लागतात, मुलांच्या गुडघ्यामागे आणि काखेत रोज बघा. वारा अजिबात नसलेल्या उन्हाळी संध्याकाळी चिलटं फोडून काढतात.

डिसेंबरात सूर्य दहाच्या सुमाराला उगवतो आणि अडीचला मावळतो. समुद्र मात्र गोठत नाही. या दिवसांत मी तिथे दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त राहणार नाही, विशेषतः पाणी वाहून न्यायचं असेल तर. उन्हाळ्यात गर्दी असते, भाडी चढी असतात आणि चिलटं. ऑगस्ट संपल्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले: बांगडा थोडा उरलेला, कुर्ल्या भरलेल्या, रात्र पुरेशी काळी आणि शेगडी पेटवायला कारण. भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना आम्ही आता जुलैचं नाही, सप्टेंबरचं तिकीट काढायला सांगतो.

करार आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. या वेळी दोन गोष्टी कागदावर घेतल्या: नळ कोणत्या महिन्यात बंद होणार ते, आणि संडास गॅसवरचा बसवला तर खर्च निम्मा मालकाचा. आई सप्टेंबरात यायचं म्हणतेय. तिरफळं तिला या वेळी जास्त आणायला सांगितली आहेत, आजोबांनी मागितली आहेत.