ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी: २०१९ च्या गेमिंग पीसीचं अपग्रेड

आमच्या घरात गेमिंगचा पीसी एक आणि खेळणारी माणसं दोन. मुलगा अकरावीत आहे, त्याचं नेमबाजीचं व्हॅलोरंट. माझं शहर वसवायचं सिटीज: स्कायलाइन्स, तेही २०१५ सालचं पहिलंच. मशीन २०१९ च्या दिवाळीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेलं: एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, एमएसआयचा बी४५० टोमाहॉक मॅक्स मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, एन्व्हिडियाच्या जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, विंडोजपुरती १२० जीबीची एसएसडी, बाकी सगळं हार्डडिस्कवर आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. गेल्या वर्षी ते दोघांनाही पुरेनासं झालं. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, कार्ड बदला. आम्ही कार्ड सगळ्यात शेवटी बदललं आणि त्यामुळेच पैसे कारणी लागले. असंच जुनं मशीन घरात असलेल्या लोकांसाठी हे सविस्तर लिहितेय.

मशीन नेमकं कुठे अडतंय हे आधी बघा, त्याला एक पैसा लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर खेळ चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दाखवत राहतं. त्यात कार्डाचा वापर नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर कार्डाची दमछाक होतेय. कार्ड निम्म्यावर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतायत, तर दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा. माझ्या मोठ्या शहरात कार्ड चाळीस-पन्नास टक्क्यांवर निवांत होतं, फ्रेम अठराच्या आसपास आणि रॅम काठोकाठ भरलेली. मुलाच्या व्हॅलोरंटमध्येही कार्डाला फार काम नव्हतं. म्हणजे दोन्ही खेळांत आमचं जुनं कार्ड अडसर नव्हतंच. हे आकडे पाहिल्यावर मुलगाच म्हणाला, "आई, कार्डाचे पैसे आत्ता नको घालवूया."

पहिला खर्च रॅमचा. १६ जीबीच्या दोन स्टिकचा डीडीआर४ ३२०० चा जोड घेतला. दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) चालू होतं. एकाच स्टिकवर प्रोसेसरला मेमरीकडून निम्माच वेग मिळतो आणि तो फरक खेळात जाणवतो. बसवल्यावर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडतात त्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू करा, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगावर चालते. नाहीतर ३२०० च्या रॅमचे पैसे मोजून ती २१३३ नाहीतर २४०० वर पळत राहते, आणि कुणी सांगितलं नाही तर वर्षानुवर्षं कळतही नाही. व्हॅलोरंटला ३२ जीबी लागत नाही, १६ मध्ये भागतं. पण सिटीजमध्ये वर्कशॉपमधल्या, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवलेल्या इमारती, झाडं, गाड्या भरायला लागलं की १६ कमी पडते. माझ्या खेळात जो मिनिटभराचा खोळंबा असायचा तो बराचसा रॅम संपून विंडोज तिच्याहून हळू ड्राइव्हवर धाव घेत असल्यामुळे होता. एक मात्र सांगते, आमची रॅम २०२५ च्या उन्हाळ्यातली. त्या वर्षाच्या अखेरीस एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी वाढली, कारखाने तिकडे वळले आणि साध्या रॅमचे भाव भराभर चढले. आज घेणाऱ्याने आधी १६ मध्ये भागतंय का ते पाहावं.

एसएसडीबद्दल थोडक्यात. १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी) घेतली, जेन ३ चीच. बी४५० बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे जेन ३ चा आहे (कार्ड आणि एसएसडीचा डेटा याच रस्त्याने येतो-जातो), त्याच्यावर जेन ४ चे जास्तीचे पैसे मोजून जास्तीचा वेग मिळत नाही. जुनी विंडोज उचलून इकडे आणली नाही, विंडोज ११ कोरी टाकली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हा "नवीन पीसीच घ्यावा लागेल" असं आजूबाजूला खूप ऐकू येत होतं. तसं नाही. आमचा रायझन ५ २६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे, बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली टीपीएम नावाची सुरक्षेची सोय) चालू केलं की काम होतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची विंडोजच सुरू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही लागतात, तेही कोरी विंडोज टाकताना एकदाच नीट लावून घेता आलं.

आता प्रोसेसर, माझ्या मते या सगळ्यातली सर्वात समाधानाची खरेदी. एएम४ सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेवर) एएमडीने २०१७ पासून इतकी वर्षं प्रोसेसर काढले की २०१९ च्या आमच्या बोर्डावर २०२२ चा रायझन ५ ५६०० फक्त बायोस अपडेट करून बसतो. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवाल्यांना ही सोय मिळाली नाही. सॉकेटचं नाव तेच, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर त्या बोर्डावर चालत नाही.

मन खरं तर रायझन ७ ५७००एक्स३डी वर होतं. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ एमबी, एक्स३डी मध्ये ९६. सिटीजसारख्या खेळात हजारो माणसं आणि गाड्यांचा हिशेब सतत चालू असतो, तिथे ही मोठी कॅश खरंच उपयोगी पडते. पण किंमत जवळपास दुप्पट, बॉक्समध्ये कूलर नाही, तो वेगळा घ्यायचा. आणि लॅमिंग्टन रोडवर ज्या दुकानांत तो मिळत होता तिथे बहुतेक ठिकाणी ट्रेवाला, म्हणजे बिनबॉक्सचा. सीलबंद बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवाल्याची हमी दुकानदाराच्या तोंडी शब्दावर. मला ते पटलं नाही. एका दुकानात तर "ताई, बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळा कॉम्बोच घेऊन जा, जुन्यावर कशाला खर्च करता" असा आग्रह अर्धा तास चालला. बोर्ड कुठला आहे हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. जे विचारत नाहीत त्यांच्याकडून घेऊ नका. पुढच्या गल्लीतल्या लहान दुकानात काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न केला, "बोर्ड कोणता, बायोस कुठली?" प्रोसेसर त्याच्याकडूनच घेतला, ५६००, सीलबंद, जीएसटीच्या बिलासकट. उरलेले पैसे मॉनिटरला ठेवले.

प्रोसेसर घरी बदलणार असाल तर हा भाग नीट वाचा. बायोस आधी अपडेट करायची, जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. एमएसआयच्या साइटवरून आपल्या बोर्डाचं नेमकं नाव बघून फाइल घ्या. टोमाहॉक आणि टोमाहॉक मॅक्स यांच्या फाइल वेगळ्या आहेत. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल त्यावर टाका आणि बायोसमधल्या एम-फ्लॅशमधून अपडेट करा. त्या काही मिनिटांत वीज जाऊन चालत नाही, यूपीएस लावूनच करा. मग जुना कूलर काढायचा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वर्षानुवर्षांची थर्मल पेस्ट वाळून कूलर प्रोसेसरला घट्ट धरून ठेवते. सरळ वर ओढला तर सॉकेट बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येऊ शकतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं खेळ चालवून पेस्ट गरम केली, मशीन बंद करून प्लग काढला, स्क्रू सोडले आणि कूलर डावी-उजवीकडे अलगद पिळत राहिलो. हळूच चुप् असा आवाज आला आणि तो सुटला. प्रोसेसर जागच्या जागी. मग सॉकेटची दांडी उभी करून जुना उचलला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नवीन ठेवला. दाबायचा नाही, तो स्वतःच्या वजनाने बसतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर संदेश येतो: नवीन प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम रीसेट करण्यासाठी वाय दाबा, नाहीतर एन. इथे घाबरून जायचं नाही. पण ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं फाइल कुलूपबंद ठेवणारं साधन) चालू असेल तर वाय दाबण्याआधी त्याची रिकव्हरी की हाताशी हवी, नाहीतर स्वतःच्याच फाइल कुलपात अडकतात. की आधीच मोबाइलमध्ये नाहीतर कागदावर घेऊन ठेवा. आणखी एक, बायोस अपडेट झाली की एक्सएमपी परत बंद होतं, ते पुन्हा चालू करायचं.

फरक सांगायचा तर माझं जे शहर अठरा फ्रेमवर रडत होतं ते त्याच कार्डावर अठ्ठावीसच्या आसपास चालायला लागलं. सिटीजमध्ये हा फरक फार मोठा आहे, रस्ता ओढताना माउसच्या मागे रेषा लगेच येते. व्हॅलोरंटमध्ये आधी दीडशेच्या आत असलेला आकडा दोनशेच्या वर गेला, आणि मारामारी चालू झाली की जो झटका बसायचा तो गेला. बॉक्समधला रेथ स्टेल्थ कूलर ६५ वॉटच्या या प्रोसेसरला पुरतो. कल्याणच्या मे महिन्यात पंख्याचा आवाज मात्र येतो, हेडफोन लावला की त्रास नाही.

पण फ्रेम दोनशे आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे दिसणार साठच. ६० हर्ट्झवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १६५ वर ६.१ नी. २४ इंची, १०८० पी, आयपीएस, १६५ हर्ट्झचा घेतला. मुलासाठी सगळ्या खर्चातला हा सर्वात कामाचा निघाला. बसवल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १६५ करावा लागतो, आपोआप होईलच असं नाही. ज्यांना माझ्यासारखे निवांत खेळ आवडतात त्यांनी मॉनिटरवर एवढा जीव टाकू नये. मला रंग चांगले वाटले, तेवढंच.

मग आलं कार्ड. ते बदलायचं कारण आमचे जुने खेळ नव्हते. एन्व्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच दिले, पुढे फक्त सुरक्षेपुरते. शिवाय इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, डूम: द डार्क एजेस असे नवे खेळ हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशाचा हिशेब कार्डातच करण्याच्या सोयीशिवाय) चालतच नाहीत, आणि ते १०६० मध्ये नाही. मुलाला डूम खेळायचं होतं. तुमच्या यादीत असा एकही खेळ नसेल तर थांबा, घाई नको.

निवड एन्व्हिडियाचं ८ जीबीवालं आरटीएक्स ५०६० आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी यांत होती. कॉलेजमधली सगळी मुलं एन्व्हिडियाच्या बाजूची, डीएलएसएसचं (लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणाऱ्या त्यांच्या तंत्राचं) चित्र खरंच सुरेख आणि ते कितीतरी जास्त खेळांत मिळतं. तरी मी एएमडीचं घेतलं, आणि कारण आमचा बोर्ड. ५०६० पीसीआय एक्सप्रेसच्या आठच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही. आमच्या ३.० च्या बोर्डावर मात्र आठ लेनचा रस्ता अरुंद होतो, आणि ८ जीबीची मेमरी भरली की सगळा माल त्याच अरुंद रस्त्याने रॅममधून आणावा लागतो, तिथे झटके बसतात. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं आणि १६ जीबीमुळे तशी वेळ सहसा येत नाही. दुकानात कार्डांची तुलना दाखवतात ती नव्या बोर्डांवरची असते. जुना बोर्ड असणाऱ्याने लेन किती हे विचारलंच पाहिजे. १०८० पी वर डूम सुरेख चालतं, कार्डाचे पंखे साध्या कामात बंदच असतात. माझ्या शहराला कार्डाने तीन-चार फ्रेम दिल्या असतील. मोजमापानेही तेच सांगितलं होतं.

कार्डाबरोबर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलला, ६५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ. जुना ४५० चा आकड्यात कदाचित पुरला असता, पण सहा वर्षं आमच्याकडची दमट हवा, धूळ आणि विजेचे चढउतार सोसलेल्या एसएमपीएसच्या भरवशावर नवीन कार्ड लावायचं नाही असं मी ठरवलं. यूपीएससुद्धा पाहा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. नवं कार्ड एकटं १६० वॉटपर्यंत जातं, प्रोसेसर आणि मॉनिटर धरला की खेळ ऐन रंगात असताना तो काठावर येतो. आम्ही १००० व्हीएचा घेतला. पावसाळ्यात वीज गेली की मुलाला मॅच संपवण्याइतका नाही, पण मला शहर सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

बोर्ड, कॅबिनेट, हार्डडिस्क जुनीच ठेवली. कॅबिनेटला मागे एकच पंखा होता, पुढे दोन १२० मिमीचे लावले आणि कार्डाचं तापमान सहा-सात अंशांनी उतरलं. कार्डाचा खर्च करणाऱ्यांनी एवढे पैसे बाजूला ठेवाच. जुनं १०६० भाचीच्या पीसीत गेलंय, ती जीटीए ५ खेळते आणि तिला ते भरपूर आहे.