एमसीसीचं स्कोअरकार्ड: हिरवा चौकोन दिसला म्हणून सुधारणा झाली असं धरू नका

परदेशी मदत मिळवायची तर आधी पात्र ठरा, या अटीमुळे सरकारं खरंच धोरणं सुधारतात का? ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत अर्थशास्त्र किंवा लोकप्रशासनाच्या प्रकल्पासाठी हा प्रश्न घेणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा पडतं ते अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनचं, म्हणजे एमसीसीचं, देशवार स्कोअरकार्ड. हे परीक्षण त्याचंच आहे. ते फुकट मिळतं, लॉग-इन लागत नाही, एका देशाचं एक पान असतं. देशाची अवस्था दाखवायला इतकं सुटसुटीत साधन दुसरं क्वचितच मिळेल. मात्र बक्षिसाचा परिणाम मोजायला ते जसंच्या तसं वापरलं तर उत्तर हमखास चुकतं.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मार्च 2002 मध्ये योजना जाहीर केली आणि जानेवारी 2004 मध्ये संस्था कायद्याने उभी राहिली. कल्पना सरळ होती: मदत आधी देऊन मग सुधारणेच्या मागे लागायचं नाही, ज्यांनी आधी सुधारणा केली त्यांनाच पाच वर्षांचं मोठं अनुदान द्यायचं. या कराराला तिथे ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. पहिला कॉम्पॅक्ट एप्रिल 2005 मध्ये मादागास्करशी झाला, रक्कम सुमारे 11 कोटी डॉलर. 2009 च्या सत्तापालटानंतर तो रद्द झाला. भारताला कॉम्पॅक्ट कधी मिळालेला नाही.

कार्डावर तीन भागांत 20 निर्देशांक असतात: न्याय्य कारभार, माणसांवरची गुंतवणूक आणि आर्थिक स्वातंत्र्य. किमान 10 मध्ये पास व्हावं लागतं. शिवाय भ्रष्टाचार नियंत्रणात पास होणं सक्तीचं, आणि राजकीय हक्क व नागरी स्वातंत्र्य यांपैकी एकात तरी. या दोन सक्तीच्या अटींपैकी एक जरी हुकली तरी बाकी कितीही हिरवं असून उपयोग नाही. 2012 च्या आर्थिक वर्षापासूनची ही पद्धत आहे. त्याआधी निर्देशांक 16-17 च्या घरात होते आणि प्रत्येक भागात निम्म्यांत पास व्हावं लागे. म्हणून 2011 आणि 2012 ची कार्डं एकाच मालिकेत जोडू नका. नियम बदलला म्हणून रंग बदलला, याला सुधारणा म्हणता येत नाही.

आता एक चौकोन जवळून पाहू, भ्रष्टाचार नियंत्रणाचा. वर स्कोअर, शेजारी पर्सेंटाइल (गटातले किती टक्के देश मागे आहेत), खाली गेल्या काही वर्षांची रेघ, आणि मध्यकाच्या (सारख्या उत्पन्नाच्या देशांच्या रांगेत मधोमध येणाऱ्या आकड्याच्या) वर असेल तर हिरवा, खाली असेल तर लाल. आकडा जागतिक बँकेच्या वर्ल्डवाइड गव्हर्नन्स इंडिकेटर्समधून येतो. एमसीसी त्यातून त्या उत्पन्नगटाचा मध्यक वजा करते, म्हणून कार्डावर 0 म्हणजे ‘गटाच्या बरोबर मध्ये’. इथेच बरेच जण फसतात. 0.10 चा 0.20 झाला म्हणजे देश सुधारला असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात देश होता तिथेच असेल आणि गट घसरला असेल. भर म्हणून मूळ मालिकेतही वर्षानुवर्षं जगाची सरासरी दरवेळी शून्यावर आणून ठेवलेली असायची. सगळं जग एकदम सुधारलं तर त्या आकड्यांत काहीच दिसणार नाही.

दुसरी अडचण त्रुटीची. समजा एखादा देश मध्यकापेक्षा 0.05 ने वर आहे आणि त्या अंदाजाची प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो ते) 0.15 आहे, जी या मालिकेत अगदी नेहमीची आहे. मध्यक अचूक धरला तरी देश प्रत्यक्षात रेषेखाली असण्याची शक्यता साधारण तीनात एक येते. म्हणजे रेषेजवळचे देश दरवर्षी काहीही न करता लाल-हिरवे होत राहतात. जो देश एका वर्षी जेमतेम नापास झाला तो पुढच्या वर्षी वर येतो, आणि आपण म्हणतो, ‘बघा, बक्षिसाने जागं केलं.’ हा सरासरीकडे परतण्याचा साधा खेळ आहे. प्रकल्पांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

तिसरी गोष्ट मध्यकाचीच. मध्यक म्हटला की निम्मे नापास होणारच. समजा एका देशाचा लसीकरणाचा स्कोअर 78 चा 81 झाला आणि गटाचा मध्यक 77 चा 83. देशाने मेहनत केली, कार्डाने लाल दाखवलं. म्हणून निष्कर्ष कधीच पास-नापासवर काढू नका. कार्डाबरोबर मूळ स्रोतांची आकडेवारी मिळते, तीच वापरा. काही निर्देशांकांना ठरीव रेषा आहेत आणि त्या मोजायला जास्त सोप्या जातात: महागाई 15 टक्क्यांच्या आत, राजकीय हक्क 17 च्या वर, नागरी स्वातंत्र्य 25 च्या वर.

वर्षांची जुळवणी वेगळी करावी लागते. अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं. 2024 च्या आर्थिक वर्षाचं कार्ड नोव्हेंबर 2023 मध्ये येतं आणि त्यातला भ्रष्टाचाराचा आकडा 2022 चा असतो. कायदा 2023 च्या मार्चमध्ये झाला असेल तर तो या कार्डात नाही. फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे दोन स्तंभ जोडायचे, ‘कार्डाचं वर्ष’ आणि ‘आकड्याचं वर्ष’, आणि हे प्रत्येक निर्देशांकासाठी स्वतंत्र. वित्तीय धोरणाचा निर्देशांक तर तीन वर्षांची सरासरी असतो. एका चांगल्या अर्थसंकल्पाचा त्यात एक तृतीयांशच वाटा असतो.

निर्देशांक निवडतानाही हात आखडता घ्या. मुलींचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाण घेतलंत तर सरकारने आज पहिलीत मुली आणल्या तरी कार्डावर फरक दिसायला पाच-सहा वर्षं लागतात. लसीकरण वर्षा-दोन वर्षांत हलतं. संरक्षित नैसर्गिक क्षेत्र एका अधिसूचनेने वाढतं, जमिनीवर एकही वनरक्षक नवा न येता. म्हणून ‘20 पैकी किती सुधारले’ अशी बेरीज करण्यापेक्षा लवकर हलणारे, सावकाश हलणारे आणि कागदावर हलणारे असे तीन गट करा. उत्तर तिन्हींत वेगवेगळं येतं, आणि खरी माहिती त्या फरकातच असते.

व्यवसाय सुरू करायला लागणारे दिवस आणि खर्च हा निर्देशांक एकेकाळी सगळ्यांचा लाडका होता, कारण मंत्रालयाला तो हाताने हलवता येई: नोंदणीची एक खिडकी करा, भागभांडवलाची अट काढा, दिवस कमी. त्याचा स्रोत असलेला डुइंग बिझनेस अहवाल आकड्यांतल्या गडबडीनंतर जागतिक बँकेने सप्टेंबर 2021 मध्ये बंद केला. जुन्या प्रबंधांत ही मालिका दिसली तर कोणती आवृत्ती वापरली ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बक्षीस मोठं असलं की मोजपट्टीवरच हात पडतो, आणि परिणाम मोजणाऱ्याने ही शक्यता पहिल्या दिवसापासून धरून चालावी.

मग मोजायचं कसं? आमच्या मते कमीत कमी एवढं करा. बक्षिसाच्या कक्षेतले देश आणि बाहेरचे देश असे दोन गट घ्या, 2002 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे लावा आणि फरकातला फरक काढा, म्हणजे आतल्या गटात झालेल्या बदलातून बाहेरच्या गटात झालेला बदल वजा करा. सुरुवातीला फक्त कमी उत्पन्नाचे देश पात्रतेच्या शर्यतीत होते, निम्न-मध्यम उत्पन्नाचे 2006 च्या आर्थिक वर्षात आले. त्यामुळे नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठीचा बाहेरचा गट, स्वच्छ मिळतो तो 2002 ते 2005 एवढ्याच खिडकीत. जॉन्सन आणि झायॉन्क या अभ्यासकांनी 2006 साली हीच वाट धरली. त्यांना आढळलं की संभाव्य लाभार्थी देशांनी एमसीसी आल्यानंतर आधीपेक्षा 25 टक्के जास्त निर्देशांकांत सुधारणा केली. पुरावा भरीव आहे पण आकडे डळमळतात, हेही त्यांनीच लिहिलं आहे, आणि हा भाग उद्धृत करताना गाळला जातो. ओहलर, नुनेनकाम्प आणि ड्रेहर यांनी 2012 मध्ये भ्रष्टाचारावर लक्ष ठेवून पाहिलं तर घोषणेनंतर लगेच, पैसा मिळण्याआधीच, परिणाम दिसला. पुढे बक्षीस कधी आणि किती हे अनिश्चित झालं तसा तो ओसरला.

त्यापुढे दोन तपासण्या हव्यातच. एक खोट्या तारखेची: योजना 1999 ला आली असं समजून तीच गणितं करा. तेव्हाही ‘परिणाम’ दिसला तर तुमची पद्धत तुम्हाला फसवते आहे. दुसरी कार्डाबाहेरच्या निर्देशांकांची: त्याच देशात, त्याच मंत्रालयाखालचा पण कार्डावर नसलेला निर्देशांक घ्या. दोन्ही सारखेच वाढले तर श्रेय वाढत्या अर्थव्यवस्थेचं किंवा नव्या सरकारचं असेल. फक्त कार्डावरचाच वाढला तर बक्षिसाची शंका घ्यायला जागा आहे. प्रमाण त्रुटी देशवार गटबद्ध करायला विसरू नका. एकाच देशाच्या दहा वर्षांना दहा स्वतंत्र साक्षीदार समजलं की सगळंच लक्षणीय ठरतं.

सुधारणा कोणामुळे झाली, हे कार्ड सांगत नाही. ते तिथल्या माणसांनाच विचारावं लागतं. 2012 मध्ये 100 देशांतल्या सहाशेहून अधिक अधिकारी आणि जाणकारांना अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी प्रश्नावली दिली, ती त्यासाठीच. प्रश्नावलीतही माणूस देणगीदाराला बरं वाटेल असं बोलतो, पण निदान कुठल्या कायद्यामागे कार्डाचा धाक होता याचा माग लागतो.

बक्षिसाचा वेग पाहायचा तर शेजारचा नेपाळ घ्या. डिसेंबर 2014 मध्ये निवड, सप्टेंबर 2017 मध्ये 50 कोटी डॉलरच्या करारावर सह्या, रस्त्यावरच्या आंदोलनांनंतर फेब्रुवारी 2022 मध्ये संसदेची मंजुरी, आणि करार लागू झाला 2023 मध्ये. ज्या मंत्र्याने पात्रतेसाठी राजकीय किंमत मोजली त्याला फीत कापायला मिळालीच नाही. श्रीलंकेचा 48 कोटी डॉलरचा करार तर 2020 च्या डिसेंबरमध्ये बारगळला. मोबदला इतका लांब आणि बेभरवशाचा असेल तर प्रोत्साहन किती उरतं, हा चल तुमच्या समीकरणात असायलाच हवा.

इथल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. नवी मुंबईच्या भिंतींवरचं ‘निश्चय केला, नंबर पहिला’ आठवा. स्वच्छ सर्वेक्षणात शहर 2020 ला तिसरं आणि 2023 लाही तिसरं, पण एकूण गुण दरम्यान 6000 चे 9500 झाले होते. तो तिसरा आणि हा तिसरा एकाच परीक्षेतले नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने महापालिकांच्या अनुदानाला लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन टाकण्याची अट घातली, ती तर एमसीसीच्या पात्रतेची जवळची नातेवाईक. पण ठाण्याची तुलना नवी मुंबईशी करून तिचा परिणाम काढायला जाऊ नका: दोन्ही शहरं एकाच बृहन्मुंबई नागरी समूहात आणि एकाच अटीखाली येतात, मग नियंत्रण गट उरतोच कुठे?

आमचे गुण: मांडणी आणि पारदर्शकतेला पाचापैकी साडेचार. हे खुलेपण मनापासून कौतुकाचं आहे. कुठला देश का नापास झाला हे कोणालाही तपासता येतं, असं सांगणारे देणगीदार थोडे आहेत. वर्षा-वर्षाची तुलना करायला दोन. बक्षिसाचा परिणाम मोजायला नुसतं कार्ड म्हणून एक, मूळ आकडे आणि नियंत्रण गटासह साडेतीन.

घ्यायचं तर लवकर घ्या. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेत एमसीसीची माणसं आणि कामं मोठ्या प्रमाणात कमी करण्याची पावलं उचलली गेली. आमिष डळमळीत झाल्यावर सरकारं मागे फिरतात का, हे मोजायची संधी त्यातून आली आहे, आणि त्यासाठी आधीचे आकडे हाताशी लागतील. सगळ्या वर्षांच्या फाइली आजच उतरवा, नावात उतरवल्याची तारीख घाला, आणि त्या-त्या वर्षाची निकषांची पुस्तिकाही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.